घाट चालू आहे का?

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

पोलादपूरच्या नाक्यावर पावसाळ्यात दिवसातून वीस-पंचवीस वेळा एकच प्रश्न ऐकू येतो. "घाट चालू आहे का?" मोटारवाला काच अर्धी खाली करून विचारतो, भिजलेला मोटारसायकलवाला हेल्मेटची काच वर करून विचारतो. चहाच्या टपरीवर जो कोणी उभा असेल त्यानं उत्तर द्यायचं. तो महाबळेश्वरच्या बाजूच्या ढगाकडे बघतो, मघाशी वरून उतरलेल्या जीपवाल्याचं बोलणं आठवतो आणि सांगतो, "जावा, पण सावकाश." झालं. एवढ्या भांडवलावर माणूस बायकामुलांना घेऊन आंबेनळी चढायला लागतो.

मी आयुष्यभर हे उत्तर देणाऱ्यांपैकी. १९८१ ते २०१३ अशी बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होतो, बहुतेक काळ महाड डेपोला. घर पोलादपूरला. एका अंगाला कशेडी, दुसऱ्या अंगाला आंबेनळी, महाडच्या पलीकडे वरंधा. हे तिन्ही घाट किती वेळा चढलो-उतरलो याचा हिशेब नाही. नवख्या माणसानं रस्ता विचारावा आणि आपण सांगावा यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. ते वाटलं २०२४च्या जुलै महिन्यात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, जावयाच्या मोटारसायकलवर मागं बसून आल्प्स पर्वत चढताना.

माझी मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहतात. तिकडं उन्हाळा आला की लोक आपापल्या मोटारी आणि मोटारसायकली घेऊन समुद्राची खाडी ओलांडतात आणि युरोपभर फिरतात. मुंबईचा चाकरमानी गणपतीला जसा कोकणच्या वाटेला लागतो, तशी ही त्यांची दरवर्षाची वाट. फरक एवढाच की त्यांना कुठं पोचायचं नसतं. गाडी आपली, रस्ता नवा, मुक्काम रोज वेगळ्या गावी. जावयाला हा नाद लागलेला. बेत असा ठरला की मुलगी आणि तिची आई मोटारीतून येणार, तो मोटारसायकलवरून. मग तो मला हळूच म्हणाला, "बाबा, माझ्या मागं बसाल का?" बत्तीस वर्षं सगळ्यांच्या पुढं बसलेल्या माणसाला मागं बसायला सांगणं तसं धाडसाचंच. पण मी हो म्हटलं. मंडळींनी दोन दिवस अबोला धरला.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. आपल्या पासपोर्टवर जाणाऱ्याला ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि युरोपचा शेंगेन व्हिसा वेगळा. ब्रिटनच्या गाडीवर पूर्वी 'जीबी' अक्षरं लागायची, सप्टेंबर २०२१पासून 'यूके' लावावी लागतात. फ्रान्समध्ये मोटारीत चमकणारं जाकीट आणि धोक्याचा त्रिकोण हवा, मोटारसायकलवर पुढच्याला आणि मागच्यालाही प्रमाणित हातमोजे हवेत. जावयानं मला हातमोजे, जाकीट, बूट असं सगळं घातलं तेव्हा नातू म्हणाला, आजोबा अंतराळात चालले.

फोकस्टनला गाडीसकट आगगाडीत शिरायचं. मोटारी ओळीनं आत जातात, मोटारसायकली वेगळ्या डब्यात एका कडेला उभ्या करतात आणि आपण आपल्या गाडीशेजारी उभं राहायचं. पस्तीस मिनिटांत समुद्राखालून फ्रान्स. हा बोगदा १९९४ साली सुरू झाला, लांबी सुमारे पन्नास किलोमीटर. बाहेर पडलं की रस्त्याची बाजू बदलते. तोपर्यंत आपल्यासारखंच डावीकडून चालणारे सगळे एकदम उजवीकडून. कॅलेच्या बाहेर त्याची आठवण देणाऱ्या पाट्या लावलेल्या आहेत. पाहुणा चुकणार हे गृहीत धरून लावलेल्या पाट्या! तेव्हा मी नुसतं हसलो होतो.

मोटारीत वेगळीच गंमत चालली होती. इंग्लंडच्या मोटारीचं स्टेअरिंग उजवीकडं आणि फ्रान्सच्या टोलनाक्याची खिडकी डावीकडं. म्हणजे टोल भरायचा तो शेजारी बसलेल्यानं. आमच्या सौभाग्यवतींनी फ्रान्समधले सगळे टोल भरले. प्रत्येक नाक्यावर पावती घडी घालून पर्समध्ये. मी त्यांना म्हटलं, बत्तीस वर्षं मी ड्रायव्हर होतो, आता तू कंडक्टर झालीस. संध्याकाळी हॉटेलवर मुलीनं भारुलता कांबळे यांची गोष्ट सांगितली. या ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय बाई. २०१६ साली ल्यूटन गावाहून एकट्या मोटार चालवत निघाल्या आणि बत्तीस देश पार करून मणिपूरमधल्या मोरे नाक्यावरून भारतात शिरल्या. मी मनात विचार करत राहिलो, की एवढ्या देशांतल्या घाटांत या बाईंनी 'घाट चालू आहे का' हे कोणाला आणि कोणत्या भाषेत विचारलं असेल?

उत्तर स्वित्झर्लंडमध्ये मिळालं. तिथं शिरताना चाळीस फ्रँक भरून वर्षाचा परवाना घ्यावा लागतो, मोटारसायकललासुद्धा. मायरिंगेन गाव सोडून पुढं निघालो आणि घाट सुरू होण्याच्या कितीतरी आधी रस्त्याच्या कडेला मोठी पाटी आली. त्यावर ग्रिमसेल, फुर्का, सुस्टेन अशी खिंडींची नावं आणि प्रत्येक नावापुढं ती उघडी आहे की बंद. बस, एवढंच. जावयानं नजर टाकली आणि वळण घेतलं. मी मात्र त्याच्या खांद्यावर थाप मारून गाडी थांबवायला लावली. उतरून त्या पाटीकडं चांगली पाच मिनिटं बघत उभा राहिलो. त्याला वाटलं, बाबांची पाठ धरली.

पाठ धरली नव्हती. मला एक रात्र आठवली होती. १९९० नंतरची गोष्ट, आषाढातली. महाबळेश्वरहून आंबेनळीनं खाली येत होतो. गाडीत चाळीसेक माणसं. धुकं असं की बॉनेटच्या पुढं काही दिसेना. कंडक्टर दाराशी उभा राहून कडा सांगत होता. एका वळणाच्या अलीकडं रस्त्यात झाडाच्या फांद्या टाकलेल्या दिसल्या. आपल्याकडं गाडी बंद पडली की फांद्या आणि दगड मांडतात, तोच आमचा धोक्याचा त्रिकोण. मला वाटलं ट्रक बंद पडला असेल, बाजूनं काढू. पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढं घेतली तोच कोणीतरी ओरडलं. इरलं पांघरलेला एक म्हातारा हातात कंदील घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा. त्याच्या मागं रस्त्याची दरीकडची बाजू नव्हतीच, वाहून गेली होती. तो संध्याकाळपासून तिथं उभा होता. माझ्या आधी दोन गाड्या त्यानं परत पाठवल्या होत्या. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसे कोणी देणार नव्हतं. त्याचं नावही मी विचारलं नाही. चाळीस माणसं उलटी फिरवून वर नेण्याच्या घाईत होतो.

त्या म्हाताऱ्याचं काम ही पाटी करत होती. दिवसरात्र, आणि जेवायलाही न जाता.

त्याच दिवशी फुर्का खिंडीत आणखी एक गोष्ट घडली, ती एसटीतल्या माझ्या जुन्या सोबत्यांसाठी मुद्दाम सांगतो. ही खिंड २,४२९ मीटर उंच. उतरताना पलीकडचा रस्ता अरुंद आहे. खालून तीन सुरांचा पोंगा वाजला. जावई लगेच कडेला झाला. वळणावरून पिवळी धमक बस वर आली, ती त्यांची पोस्टाची बस. पूर्वी टपाल नेत होती म्हणून ते नाव, आज डोंगरातल्या खेड्यापाड्यांना जोडणारी तीच त्यांची एसटी. आमच्या पुढं एक मोठी खाजगी गाडी होती, ती वाटेतच अडकली. बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून खूण केली: मागं घ्या, अजून, आता डावीकडं, थांबा. त्या गाडीवाल्यानं मुकाट्यानं ऐकलं. जावई म्हणाला, हा कायदाच आहे. निळ्या पाटीवर पिवळा शिंगाडा काढलेला असतो, तसली पाटी ज्या रस्त्याला आहे तिथं बसच्या ड्रायव्हरची खूण सगळ्यांनी मानायची.

घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची हा नियम आपल्याकडंही आहे. पण घाटात ज्याला रोज गाडी घालावी लागते त्याचा शब्द शेवटचा, हे तिकडं पाटीवर लिहून ठेवलंय. आमच्या लाल गाडीला वाट द्यायची तर लोक आधी आमच्या घराण्याचा उद्धार करतात. पुढं चौकशी केली तेव्हा कळलं, ही पोस्टाची मोटारबस बर्न शहरातून पहिल्यांदा निघाली ती १ जून १९०६ला. आपली पहिली एसटी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली ती १ जून १९४८ला. तारीख तीच! त्यांच्या पोंग्याचे ते तीन सूर रोसिनी नावाच्या संगीतकाराच्या रचनेतले आहेत. बस जवळून गेली तेव्हा मी हेल्मेटसकट हात कपाळाला नेला. त्या ड्रायव्हरनं बोट उचललं. आम्ही घाटात समोरासमोर आलो की उचलायचो, तसंच.

खाली आंडरमाटला आलो. तिथून जवळच गोथार्डचा रस्त्याचा बोगदा जातो, १९८० साली उघडलेला, जवळपास सतरा किलोमीटर लांब. घाईवाले सगळे त्यातून जातात आणि वरची जुनी वाट फिरणाऱ्यांना मोकळी राहते. आपल्याकडं कशेडीचा बोगदा २०२३च्या गणपतीत पहिल्यांदा गाड्यांना उघडला. जुना कशेडी घाट तसाच फिरणाऱ्यांसाठी नीट राखता येईल असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्याला टपरीपलीकडं कोण विचारतो!

पुढं दोन दिवसांनी इटलीत स्टेल्व्हिओ. मोटारसायकलवाल्यांची ही पंढरीच म्हणा. उंची २,७५७ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या दुप्पट. कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनिअरनं ऑस्ट्रियाच्या बादशहासाठी १८२० ते १८२५ या काळात हा रस्ता बांधला. प्रातो गावाकडून चढताना अठ्ठेचाळीस उलटी वळणं आहेत आणि प्रत्येक वळणावर त्याचा आकडा लिहिलेला. खाली ४८, मग ४७, ४६ असं उतरत्या क्रमानं वर १. मागं बसून मी मोठ्यानं आकडे म्हणत होतो. तिसाच्या पुढं जावयाचा खांदा आखडायला लागला. मी म्हटलं, एकोणतीस राहिली, थांब, पाणी पी. किती चढलो आणि किती राहिलं हे माहीत असलं की ड्रायव्हर दमाला पुरतो. आणि उद्या अपघात झाला तर फोनवर सांगता येतं, बावीस नंबरच्या वळणाखाली. आमच्याकडं सांगतात, "त्या मोठ्या आंब्याच्या पुढं." आंबा कोणता, ते मुंबईच्या माणसाला काय ठाऊक?

आता कोणी म्हणेल, चार दिवस परदेशी जाऊन आला आणि गुण गायला लागला. तसं नाही. स्टेल्व्हिओवर मोटारसायकलींची झुंबड असते आणि त्यातले निम्मे शर्यत लावल्यासारखे चालवतात. एक तरुण पोर आमच्या डोळ्यांदेखत वळणावर घसरला. नशिबानं डोंगराच्या बाजूला पडला. रस्त्याच्या कडेला फुलं वाहिलेले क्रूस दिसतात, ते कशाचे ते विचारावं लागत नाही. आणि याच इटलीत, जेनोवा शहरात, १४ ऑगस्ट २०१८ रोजी चालू वाहतुकीचा मोरांदी पूल कोसळला. १९६७ सालचा पूल. ४३ माणसं गेली.

त्या पुलाचं नाव जेवताना निघालं आणि माझा घास हातात राहिला. महाड-पोलादपूरच्या माणसापुढं पुलाची गोष्ट काढू नये. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीला पूर आला होता. १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल त्या पुरात पडला आणि दोन एसटी गाड्या आणि एक खाजगी मोटार नदीत गेल्या. एक जयगडहून मुंबईला जाणारी, दुसरी राजापूरहून बोरिवलीला. मी तेव्हा निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. त्या पुलावरून मी किती फेऱ्या केल्या ते सांगण्यात अर्थ नाही. ड्रायव्हरला रात्री पुलाचे कठडे दिसतात, पुढं रस्ता आहे असं तो धरून चालतो. तसं धरलं नाही तर गाडीच चालवता येणार नाही. पूल पडल्याचं आधी ध्यानात आलं ते जवळच्या गॅरेजवर काम करणाऱ्या एका माणसाच्या. त्यानं मागून येणाऱ्या गाड्या अडवल्या, म्हणून आणखी काही गाड्या वाचल्या. नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७मध्ये उभा राहिला. त्याबद्दल कौतुकच आहे. पण मला दरवेळी तो गॅरेजवाला आणि कंदीलवाला म्हातारा शेजारी शेजारी उभे दिसतात.

आमच्या भागातल्या रस्त्याची सगळी माहिती अशी माणसांच्या डोक्यात आहे. कुठल्या वळणावर पावसात माती येते, कुठं धुकं साचतं, कुठं कठडा नुसता दिसायला आहे. स्थानिक माणूस त्या माहितीवर जगतो. पाहुण्याला ती मिळत नाही. २८ जुलै २०१८ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळीत दरीत गेली, ३० जण गेले, एकच वाचला. जुलै २०२१मध्ये तळिये दरडीखाली गेलं, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथं माणसं गेली आणि आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला. त्या आधीच्या दोन दिवसांत नाक्यावर कितीजणांनी घाट चालू आहे का म्हणून विचारलं असेल आणि आम्ही काय उत्तर दिलं असेल, हे मी आता आठवायला जात नाही.

वरंधा घाट पावसाळ्यात बंद ठेवल्याचे हुकूम निघतात, पेपरात येतात, मोबाईलवर फिरतात. तरी रविवारी पोरं मोटारसायकली घेऊन घाटाच्या तोंडापर्यंत येतात, अडवलं की हुज्जत घालतात आणि कोणीतरी शेजारून निसटतो. पाटी असती तर निसटला नसता असं मी म्हणत नाही. पण महाडलाच, हमरस्त्यावर, आंबेनळी, वरंधा अशी नावं आणि पुढं हिरवी किंवा लाल फळी, एवढं असतं तर निम्मे तिथूनच रायगडाकडं वळले असते. गांधारपाल्याची लेणी तर रस्त्यावरूनच दिसतात, ती तरी पाहिली असती. फळी उलटी करायला एक माणूस लागतो. तो दिवसातून दोनदा आला तरी पुरे.

परत आल्यावर दिवाळीनंतर मी आणि माझा जुना सोबती, निवृत्त कंडक्टर, आम्ही दोघांनी पुतण्याची मोटारसायकल मागून घेतली. पुढं मी, मागं तो. पोलादपूरहून आंबेनळी चढायची आणि वळणं मोजायची. जुन्या कागदांत या घाटाला फिट्झगेरल्ड घाट म्हणतात. गोऱ्या साहेबानं नाव दिलं, पण वळणांना आकडे काही घातले नाहीत. ते आपण घालून बघू म्हटलं. सोबत्यानं मार्गपत्रक भरतात तशा कागदावर रेघा ओढल्या. वाटेत एक वळण आहे, तिथं जुन्या गाड्यांचं पाणी उकळायचं म्हणून आम्ही ड्रायव्हर लोक त्याला 'रेडिएटर' म्हणायचो. त्या वळणावर थांबून पाणी प्यायलो. मग वाडा कुंभरोशीला प्रतापगडाच्या पायथ्याशी चहा घेऊन बेरीज केली. माझा आकडा एक, त्याचा दुसरा. त्याचं म्हणणं, गिअर बदलावा लागला तरच ते वळण. माझं म्हणणं, समोरची गाडी दिसली नाही की ते वळण. भांडण मिटेना. शेवटी चहावाल्याला विचारलं.

तो म्हणाला, "आकडा मला काय ठाऊक? पण खाली जाताय ना, दुपारपासून धुकं उतरलंय. सावकाश जावा."

आकडा तुम्हाला सांगत नाही, कारण तो अजून ठरलेला नाही. परत एकदा जायचं आहे. या खेपेला खडू घेऊन.